सदर नाक कोणाचे?

माणूस जन्माला आला की त्याची नोंद करावी लागते. मेला तरी करावी लागते, पण ती खटपट दुसऱ्यांची असते. मधल्या काळात तो खरोखर आहे की नाही हे नोंदणी कचेरीतला संगणक सांगतो, आणि संगणक दुपारी साडेबाराला जेवायला जातो.

यिफ्ताखची या व्यवस्थेविषयी काही तक्रार नव्हती. तो गिव्हतायीम नावाच्या शहरातल्या शाळेत सोळा वर्षं भूगोल शिकवत होता. कागदावर जी रेघ असते ती जमिनीवर नसली तरी लोक तिला मानतात, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणून मार्चमधल्या एका रविवारी (आमच्याकडे आठवडा रविवारीच सुरू होतो), कचेरी उघडायच्या वेळेला, तो नवऱ्याला आणि पाच आठवड्यांच्या मुलीला घेऊन रांगेत उभा राहिला. नवरा म्हणजे दोरोन, दातांच्या कवळ्या बनवणारा, जोडभुवयांचा, कमी बोलणारा माणूस. मुलीचं नाव शाकेद, म्हणजे बदाम. बदामाची झाडं फुलतात त्या दिवसांत जन्मली म्हणून.

पिशवीत अमेरिकेतला जन्मदाखला होता, तिथल्या कोर्टाचा हुकूम होता, आणि सुटे मोजे चार होते. आमच्याकडे बापाची लायकी मोज्यांवरून ठरते. मोटारीपासून कचेरीच्या दारापर्यंत तीन अनोळखी बायकांनी त्यांना थांबवून बाळाला थंडी वाजतेय असं कळवलं. चौथीने काही न बोलता पिशवीत हात घालून मोजा काढला आणि चढवून दिला. दारावरच्या पहारेकऱ्याने बंदूक खांद्यावर सरकवून तो सारखा केला.

खिडकी क्रमांक सहावर गेउला बसत असे. वय साठ, चष्म्याला साखळी, खणात सूर्यफुलाच्या बिया.

"आईचं नाव?"

"आई नाही," यिफ्ताख म्हणाला.

गेउलाने चष्मा काढला. "देव तिला शांती देवो. इतकी लहान पोर."

"गेली नाही. नव्हतीच."

गेउलाने चष्मा परत घातला. मग यिफ्ताखने, वर्गात नदीचा उगम सांगावा तसं, सगळं क्रमाने सांगितलं. बीज एका दात्रीचं, तिचा क्रमांक चार हजार चारशे सतरा. ती व्हायोलिन वाजवते आणि तिला शेंगदाण्याचं वावडं नाही, एवढंच तिच्याबद्दल ठाऊक. पोटात वाढवलं ते मिनेसोटातल्या ट्वायला नावाच्या बाईने. ती शाळेची बस चालवते, तिला स्वतःचे दोन मुलगे आहेत. आणि हे दोघे बाप.

गेउलाने बोटांवर मोजलं. "चार माणसं लागली. आणि माझ्या रकान्यात लिहायला एक आई मिळत नाही?"

"बाप लिही ना. दोन आहेत. तिथल्या कोर्टाने दोघांची नावं दिलीत."

"तिथल्या लोकांचं मला काय सांगतोस, राजा? ते चहात बर्फ घालतात." तिने पडदा त्याच्याकडे वळवला. बापाच्या रकान्यात एकच नाव मावत होतं. दुसऱ्या बापाचा रकाना होता, पण तो कुलूपबंद. पहिला बाप रक्ताचा आहे अशी खूण केल्याशिवाय तो उघडत नव्हता. गेउलाने संगणकाच्या उंदरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बोल. कुणाची आहे?"

मागची रांग गप्प झाली. आमच्याकडे रांग गप्प होत नाही. युद्धातही नाही.

"आम्हाला माहीत नाही," यिफ्ताख म्हणाला.

"आणि जाणूनही घ्यायचं नाही," दोरोन म्हणाला. त्या सकाळचं त्याचं हे पहिलं वाक्य.

तीस वर्षं गेउलाने त्या खिडकीतून खोटं बोलणारी माणसं पाहिली होती, लपवणारी, विसरणारी आणि रडणारीही. विचारलेलं ठाऊक नाही आणि ते ठाऊक करून घ्यायचंही नाही, असं म्हणणारी पहिल्यांदाच पाहत होती. तिने चार बिया फोडल्या.

गोष्ट अशी होती. दवाखान्यात एक गर्भ यिफ्ताखचा होता, एक दोरोनचा. दोन्ही ठेवले, एकच रुजला. डॉक्टर सांगायला निघाला तेव्हा दोघांनी त्याला हाताने थांबवलं. बाहेर बाकावर बसून त्यांनी एकमेकांना शब्द दिला, तो अगदी साधा होता. कधीच विचारायचं नाही. कारण एकदा कळलं की घरात एक बाप उरेल आणि दुसरा होईल बापाचा नवरा. भांडण झालं, पोरीला ताप आला, पोरगी सोळा वर्षांची होऊन दार आपटून गेली, की तो नवरा अर्धं पाऊल मागे सरेल. त्याला कुणी ढकलायची गरज नाही, तो आपणहून सरेल. यिफ्ताखला हे फार नेमकं ठाऊक होतं, कारण मनातल्या मनात तो केव्हाच सरला होता. पोर झोपेतून उठली की दोरोनसारखी लागोपाठ तीनदा शिंकते, हे त्याने पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

गेउलाने कागद तपासले आणि खरी अडचण सांगितली. सदर बालिका अमेरिकन पासपोर्टवर आली असल्यामुळे पर्यटक होती. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं तेव्हा दोरोन म्हणाला होता, "राहायला." त्या उत्तराला शिक्का नसल्यामुळे त्याने पर्यटनाचा मारला. शाकेदने आतापर्यंत पाहिलेली स्थळं म्हणजे घराचं छत, एकाचा डावा खांदा आणि दुसऱ्याचा उजवा. मुदत मे महिन्याच्या अखेरपर्यंत. तोवर नोंद झाली नाही तर सदर पर्यटकाने देश सोडायचा.

"गालाच्या आतून काडी फिरवायची," गेउला म्हणाली. "तुमच्या, तिच्या. दुखत नाही. निकालाचं पाकीट इथे येतं, मी खूण करते, पोरगी तुमची. पंधरा मिनिटं."

"ही माहिती कचेरीला कशासाठी हवी?" दोरोनने विचारलं.

तिने फॉर्म पुढून पाहिला, मागून पाहिला. प्रामाणिक बाई होती. "त्याला रकाना नाही," ती म्हणाली.

सरकारी नियम एकीकडे आणि आजी नावाची संस्था दुसरीकडे. संस्थेला काडी लागत नाही, पाकीट लागत नाही आणि साडेबाराची सुट्टीही नसते.

यिफ्ताखची आई त्सिपोरा. तिच्या घराण्याचं नाक पोलंडहून बोटीत बसून आलेलं, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे बोटीत माणसांच्या आधी तेच चढलेलं. पाळण्यात वाकून ती फक्त म्हणाली, "मी काही बोलत नाही," आणि नंतर दीड तास बोलली. दोरोनची आई व्हायोलेट बगदादची. तिने पोरीच्या कपाळावरून अंगठा फिरवला आणि जाहीर केलं की भुवया अजून फुटल्या नाहीत, पण येताहेत, वाटेत आहेत. शुक्रवारी दोघी समोरासमोर जेवायला बसल्या. एकीने गोड मासा आणला होता, दुसरीने कुब्बे, म्हणजे खिमा भरलेले गोळे, आणि आंब्याचं पिवळंधमक लोणचं.

"माशाला साखर चोळणाऱ्या घरात अशी तिखट पोर जन्मते होय?" व्हायोलेट म्हणाली.

"रडते तिखट, गं. नाक बघ, नाक खानदानी आहे."

"नाक काय, दाबून दाबून लांब करता येतं."

वर दोघी एकमेकींची ताटं भरत होत्या. यिफ्ताखने नियम सांगितला: या घरात हा विषय नाही. दोघींनी मान डोलावली, आणि भांडी घासताना मोरीपाशी एकीने दुसरीला आपल्या लहानपणीचा फोटो दाखवला.

तेव्हा दोरोनने सुचवलं की आपण मंडळाकडे जाऊ. मंडळाचं नाव 'दोन बाप, एक पाळणा'. संयोजक रानान, छातीवर बाळाची झोळी, कानात फोनची बोंडं. अशा बापांसाठी त्याने खरोखर पुष्कळ केलं होतं. मोर्चे काढले, कोर्टात गेला, मंत्र्यांना घाम फोडला. त्याच्या वार्षिक मेळाव्याच्या सभागृहात भिंतभर फलक होता: 'रक्त नव्हे, नातं'. फलकाखाली दुकानं मांडली होती. एकीकडे दात्र्यांच्या फोटोंचं पुस्तक चाळता येत होतं. सगळ्या उंच, सगळ्या हसऱ्या, बहुतेक व्हायोलिनवाल्या. ठेंगणी, चिडकी आणि बेसूर बाई आजवर कुणाची पूर्वज झालीच नाही, असं ते पुस्तक पाहून वाटे. शेजारच्या दुकानात लाळेच्या थेंबावरून सात पिढ्या शोधून मिळत होत्या. फलक बांधायची दोरी त्याच दुकानाने दिली होती.

रानानने त्यांची हकीकत ऐकली आणि त्याचे डोळे पाणावले. तो म्हणाला, हीच आपली लढाई आहे, रक्ताला काय किंमत आहे, मूल म्हणजे रात्री जो उठतो त्याचं. तेवढ्यात त्याची जुळी मुलं धावत आली आणि एकाने दुसऱ्याला ढकललं. रानान जोडीदाराला ओरडला, "तुझ्याला आवर जरा, माझ्याला लागेल."

त्याने दिलेला वकील मात्र हुशार होता. त्याने एक अर्ज ठोकला: तपासणी करा, पाकीट मागवा, पण त्यातलं उत्तर अर्जदारांना कोणत्याही प्रकारे कळता कामा नये. कचेरीने तीन आठवडे विचार केला आणि मान्य केलं. न मान्य करण्याचा रकाना नव्हता. तिघांच्या गालांतून काड्या फिरल्या.

आता प्रश्न असा की उत्तर अर्जदारांना कळू द्यायचं नाही, तर ते कचेरीतल्या कुणालाही कळून चालणार नाही. कारण कचेरीत एकाला कळलं की खालच्या फलाफलचे वडे तळणाऱ्याला कळतं. म्हणून परिपत्रक निघालं आणि 'अनभिज्ञता कक्ष' स्थापन झाला. कक्षातल्या प्रत्येकाने सही करून द्यायची होती की सदर प्रकरणी मला काहीही माहीत नाही आणि माहीत करून घेण्याची माझी इच्छा नाही. अशी माणसं मिळायला वेळ लागेल अशी वरिष्ठांना धास्ती होती. अकरा मिनिटांत सगळ्या जागा भरल्या आणि प्रतीक्षा यादी लागली. कक्षप्रमुख म्हणून शाल्तिएल यांची नेमणूक झाली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

कक्षाने पहिलं काम म्हणून ट्वायलाचं निवेदन मागवलं. तिचं पत्र दहा दिवसांत आलं. तिने लिहिलं होतं: 'मी शाळेची बस चालवते. मुलं माझ्या गाडीत बसतात म्हणून माझी होत नाहीत. पण ती सुखरूप उतरेपर्यंत मी आरशातून नजर काढत नाही. ही सुखरूप उतरली. दोघेही दारात उभे होते. आता अजून काय लिहू?'

यिफ्ताखने ते पत्र तीनदा वाचलं आणि चष्मा पुसला. कक्षाने एकदा वाचलं आणि त्यात बसचा उल्लेख असल्यामुळे ते वाहतूक खात्याकडे पाठवलं. वाहतूक खात्याने विचारलं की सदर वाहनात बालकांसाठी पट्टा होता काय. या पत्रव्यवहारात एप्रिल गेला.

मग गृहभेट. नियम असा की रक्ताच्या बापाला कुणी तपासत नाही. तो दारुडा असो, पोरीला टेबलावर विसरून जाणारा असो, रक्त म्हणजे पुरावा. दुसऱ्याला मात्र समाजसेविका घरी येऊन तपासते: नजर प्रेमळ आहे का, फ्रिजमध्ये भाजी आहे का, कपाटाचे कोपरे गोल आहेत का. आता दोघांतला दुसरा कोण हे तर कुणालाच कळायचं नव्हतं. त्यामुळे समाजसेविका हेफ्त्सीबाला लेखी आदेश आला की दोघांनाही, हा रक्ताचा नाही असं समजून, तपासावं.

ती आली आणि वहीत लिहू लागली. दोरोनने दूध किती अंशाला गरम केलं, यिफ्ताखने लंगोट बदलताना कोणतं गाणं म्हटलं, सगळं. एकदा तिने यिफ्ताखला विचारलं, "ही तुझी नाही असं धर. तुला काय वाटतं?"

यिफ्ताखने धरलं. ते त्याला जड गेलं नाही, ते त्याचं रोजचंच होतं. "माझी नाही असं धरलं," तो म्हणाला, "तरी तिला रात्री दोनला भूक लागतेच. मग मी उठतो. उठल्यावर मला आठवत नाही काय धरलं होतं ते."

हेफ्त्सीबाने पेन बंद केलं, मग वहीत यासाठी जागा नसल्याचं पाहून तळहातावर काहीतरी लिहून घेतलं. अहवाल उत्तम झाला. 'दोन्ही अर्जदार, रक्ताचे नसूनही, अत्यंत सुयोग्य.' निघताना तिने शाकेदचा मोजा वर ओढला.

तो अहवाल संगणकाला मिळाला. संगणक प्रामाणिक असतो, त्याला आदेशामागचा हेतू कळत नाही. पहिला अर्जदार रक्ताचा नाही. दुसरा अर्जदार रक्ताचा नाही. आई नाही. त्याने बेरीज केली आणि जून महिन्याच्या सुरुवातीला शाकेदच्या नावाने रजिस्टर पत्र आलं. पोस्टमनने सही मागितली. शाकेदने पेन चोखलं. ते ग्राह्य धरलं गेलं.

पत्रात म्हटलं होतं की सदर पर्यटकाची मुदत संपली आहे. देशात त्यांचा कोणीही नातलग नसल्याचे सिद्ध झाले आहे. सबब त्यांनी चौदा दिवसांत देश सोडावा. अठरा वर्षांखालील प्रवाशास आई किंवा वडिलांसोबतच विमानात बसता येते, ते नसल्यामुळे त्यांना देश सोडण्यास मनाई आहे. दोन्हींपैकी कोणत्याही आदेशाचा भंग केल्यास कारवाई होईल.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे पोर नकटी आहे की नाही हाच वाद होता, तरी विघ्नं सतराशेच. त्सिपोरा म्हणाली, माझं ऐक, नाक दाखव आणि मोकळा हो. व्हायोलेट म्हणाली, भुवया आल्यात आता, साहेबाला बोलाव घरी, जेवायला घालते. रानानने मंडळाच्या गटावर निषेधाचं पत्रक टाकलं, त्याला चारशे हृदयं आली. खाली कुणीतरी हळूच मतदान सुरू केलं: दोरोन, यिफ्ताख, सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणणारा एकही निघाला नाही.

बाराव्या दिवशी दोघं पोरीला घेऊन कचेरीत गेले. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, तरी दारावरच्या पहारेकऱ्याने मोजा विचारलाच. दोरोन पोरीसाठी पाणी कोमट करून आणायला खालच्या चहावाल्याकडे गेला. शाकेद यिफ्ताखच्या झोळीत. चार महिने पुरे झाले होते, हिरड्या शिवशिवत होत्या, हाताला लागेल ते तोंडात जात होतं.

शाल्तिएल यांनी त्याला आत बोलावलं. ते म्हणाले, मार्ग एकच आहे, पाकीट. पाकीट आमच्या तिजोरीत महिनाभर पडून आहे. ते सहा नंबरच्या खिडकीवर दाखल झालं की नोंद पुढे सरकेल. पण कक्षातला माणूस त्याला हात लावू शकत नाही, आमची प्रतिज्ञा आहे. आणि शिपाई रजेवर आहे.

"मग?"

"तूच घेऊन जा," शाल्तिएल म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवून तिजोरीची किल्ली मागे धरली.

आमच्याकडे हे असंच चालतं, याचं कुणाला नवल वाटत नाही. तुझा एक्स-रे तूच घेऊन जा, तुझी फाईल तूच वर ने, तुझ्याविरुद्धचा अर्ज तूच शेजारच्या टेबलावर दे. ज्या माणसापासून ते पाकीट लपवण्यासाठी अख्खा कक्ष उघडला, त्याच माणसाच्या हातात ते देऊन कक्षाने सुटकेचा श्वास सोडला.

खिडकीपर्यंत चाळीस पावलं होती आणि मध्ये रांग. रांगेतल्या लोकांना सगळं ठाऊक होतं. मार्चपासून बरेचसे तेच होते. फक्त एक प्रश्न विचारायचाय म्हणून रोज पुढे घुसणारा माणूससुद्धा आज घुसला नाही. पाकीट पांढरं, लांबट, कडेला लाल शिक्का. एका बाईने भुईमूग सोलावा तितक्या सहज आवाजात म्हटलं, "उघड की, पोरा. तुझ्याच घरचं आहे."

"उजेडात धर नुसतं," दुसरा म्हणाला. "उघडायची गरज नाही."

यिफ्ताख थांबला. खिडकीतून ऊन येत होतं, हात थोडा वर केला असता तर पुरे होतं. त्याला वाटलं, तीन शिंका आहेतच, हे नुसतं त्यांच्यावरचं शिक्कामोर्तब. वाटलं, निदान अर्धं पाऊल मागे सरायचं ते माहिती घेऊन तरी सरू. मग त्याच्या मनात त्याहून वाईट विचार आला: आणि पोर आपली निघाली तर? तर आज घरी जाताना दोरोन पिशवी घेईल आणि झोळी आपोआप माझ्याकडे देईल. काही बोलणार नाही. आयुष्यभर पिशवी उचलेल. यिफ्ताखला ते अर्धं पाऊल आता दोरोनच्या पायात दिसलं, आणि स्वतःचं सोसलं होतं त्याला ते सोसेना.

त्याने हात खाली केला. शाकेद वाटच पाहत होती. तिने पाकिटाचा कोपरा पकडला आणि हिरड्यांत धरला.

दोरोन पाण्याची बाटली घेऊन आला तेव्हा अख्खी रांग त्याच्याकडे बघत होती. त्याने पाकीट पाहिलं, ओला चुरगळलेला कोपरा पाहिला. चेहरा पांढरा पडला.

"तू...?"

"तिने चावलंय," यिफ्ताख म्हणाला. "मी नाही."

दोरोनने बाटलीचा थेंब आपल्या मनगटावर टाकून पाहिला, मग यिफ्ताखच्या मनगटावर टाकला. त्यांच्या घरी दूधपाणी असंच पाहतात, दोघांच्या मनगटांवर.

गेउलाने पाकीट दोन बोटांत घेतलं. लाळ टेबलावर ठिबकली. तिने शिक्का पाहिला, तो शाबूत होता. मग कक्षाचं परिपत्रक काढलं आणि मोठ्याने वाचलं, म्हणजे रांगेला ऐकू जावं. कलम चार: पाकीट दाखल असणे अनिवार्य. कलम नऊ: या कचेरीतील कोणासही पाकिटातील मजकूर माहीत असणे हा शिस्तभंग.

"दाखल असायला पाहिजे," ती म्हणाली. "उघडलेलं पाहिजे असं कुठे लिहिलंय? आणि उघडलं तर माझी पेन्शन जाते."

"पण मग रक्ताची खूण कुणाच्या नावापुढे करणार?" घुसखोर माणसाने विचारलं. त्याचा हाच एक प्रश्न होता.

"ते कळणं माझ्या कर्तव्यात बसत नाही, त्यामुळे खूण करण्यात मला आता काहीच अडचण नाही." तिने डोळ्यांवरचा चष्मा छातीवर सोडला, डोळे मिटले आणि उंदीर दाबला. कुलूप उघडलं. दोन्ही रकाने भरले. यंत्राने घरघर करून एक चिठ्ठी बाहेर टाकली, तिच्यावर नऊ आकडी ओळख क्रमांक होता. शाकेद पर्यटक उरली नाही. गेउलाने चिठ्ठी सरकवली, आणि तिघांकडे बघून पहिल्यांदाच आवाज उतरवला. "जा आता. आणि पोरीच्या पायात मोजा घाला, उन्हाळ्याचा वारा वाईट असतो."

ते दारापर्यंत गेले. पिशवी कुणी घ्यायची आणि झोळी कुणी, याचा दोघांनीही विचार केला नाही. पोरीने झोळीतून तीन शिंका दिल्या, आणि त्या जुन्या वातानुकूलनाच्या धुळीत यिफ्ताखलाही लागोपाठ तीन शिंका आल्या. त्यामागोमाग पहारेकऱ्याला.

पाकीट अजून तिथेच आहे, सहा नंबरच्या खणात, बियांच्या डब्याखाली. दोन्ही आज्या वेगवेगळ्या दिवशी येऊन गेल्या. रानान मंडळाच्या संशोधनासाठी आला. वाहतूक खात्याचा माणूस आला. शेवटी कंटाळून गेउलाने त्यांच्यासाठी एक नवा फॉर्म छापून घेतला आणि खिडकीबाहेर सुतळीने लटकवला. त्यात दोनच रकाने आहेत. पहिल्यात स्वतःचं नाव. दुसऱ्यात, 'ही माहिती आपणांस कशासाठी हवी आहे?'

तुम्हीही आता विचारू नका. शब्दाने विचारलं नसेल, पण मघापासून तुम्ही नाक मोजलंत, भुवया जोडल्यात, शिंका तर नक्कीच मोजल्यात, आणि दोघांतल्या एकाला मनात केव्हाच अर्धं पाऊल मागे उभं केलंत. हरकत नाही. फॉर्म फुकट आहे, साडेबाराच्या आत मिळतो, आणि दर आठवड्याला गठ्ठे संपतात. दुसरा रकाना भरून आजवर एकही परत आलेला नाही.